तलंग

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मार्तीन म्हणाला,
पाचही तलंगा आहेत, बाय,
खोटं बोललो तर माझ्या कोंबड्या वांझ होवोत.
मुठीएवढी पिल्लं, मूगडाळीच्या रंगाची.
बुटांच्या खोक्याला मी सुईनं भोकं पाडली,
सुई माझ्या पदराला कायम असते.

रायबंदरच्या धक्क्यावर खोकं मांडीवर चिवचिवत राहिलं
आणि फेरीबोटीत सगळ्यांना ज्ञान सुचलं.
साखळी सोडणाऱ्या उमाकांतनं एकेकाला मानगुटीला धरून उचललं:
पाय आखडले तर नर, लोंबते सोडले तर मादी.
पिएदादनं बोटातली अंगठी काढली, मी दोरा दिला.
अंगठी गोल फिरली, मग सरळ,
मग मांडवीवरचा वारा म्हणेल तशी.
मागून कुणीतरी म्हणालं, अंड्याचं टोक बघायला हवं होतं.
चोडणचा धक्का लागला तेव्हा
खोक्यात तीन नर होते, चार माद्या,
आणि पिल्लं पाच.

मलाही असंच उचललं असेल.
सुईण कंदील जवळ ओढून म्हणाली असेल, चली.
तिचं काम एका शब्दात झालं.
साठ वर्षं मी त्या शब्दाला बाह्या लावतेय,
काखेत घट्ट होतो,
कमरेत ढगळ.

सहाव्या आठवड्यात एकाचा तुरा लाल झाला.
नवव्यात दुसऱ्याची शेपूट कोयत्यासारखी वाकली.
मानेवरची पिसं टोकदार, तर कोंबडा,
गोल, तर तलंग.
खरी खूण एवढीच, आणि ती वाट बघायला लावते.
चार कोंबडे निघाले, मार्तीन!
पहाटे चौघे मिळून आरवायचे,
आवाज फुटत असलेली पोरं
कुणी बँडमध्ये उभी करावीत तसे.

एक पिएदादच्या फेस्ताला शागुतीत गेला.
एक राखणदाराला, जुना नवस होता.
एकाला मानशीजवळ मुंगसानं नेला,
दोन पिसं आणि चिखलात ओढल्याची रेघ.
चौथा मी मार्तीनच्या पुढ्यात नेऊन ठेवला.
त्यानं बदल्यात नारळ दिला,
त्यालाही कोंब आलेला.

उरली ती.
काळी, गळ्याशी तांबूस.

एकटी ठेवू नये गो, पिएदाद म्हणाली,
झुरते, अंडं सोडते,
अजून दोन आण, नाहीतर कुणाच्या तरी घरी देऊन टाक.
हे बोलणं माझ्या ओळखीचं.
आईला ते लोक सोप्यावर बसून सांगायचे,
चहा संपेपर्यंत.

मी तिच्या सोबतीला
पडद्यामागचा तडकलेला आरसा खुराड्यात टांगला.
तिनं दोनदा चोच मारली
आणि त्या दुसरीकडे पाठ करून बसली.
दिवसा ती मशीनच्या पायट्यावर असते.
शिवायला बसायचं तर उठवावं लागतं,
कुरकुरत उठते.
कतरणी उकरते. शांताच्या सुनेच्या ब्लाऊजचा
मोत्याचा बुतांव तिनं गिळला,
मी दुकानभर शोधत होते, ती बघत होती.

चवथीच्या आधी एका पहाटे
पहिल्या फेरीबोटीनं भोंगा दिला
आणि माझ्या परसातून उत्तर गेलं,
चिरकं, अर्ध्यावर तुटलेलं.
बॅटरी घेऊन गेले.
मान ताणून उभी होती, डोळे मिटलेले.
भोंगा पुन्हा झाला, ती पुन्हा.

उमाकांत म्हणाला, कोंबडी आरवली तर घराला बरं नाही,
आजच काप.
कुणाच्या घराला, मी विचारलं.
तो साखळी ओढायला गेला.

मी तिच्या मानेवरची पिसं परत चाचपली.
गोलच.
आणि दुपारी कतरणींच्या ढिगात,
लाल साटिनवर, अंडं होतं,
फिकट, माझ्या तळव्याहून गरम.

आता गिऱ्हाइकं विचारतात, कुंदाबाय,
ही नेमकी आहे तरी काय?
मी गळ्यातला टेप काढते.
हात वर कर, म्हणते.
श्वास सोड.